अप्पम कोण मोडणार

जान्सीने ते हातमोजे दुसरीकडे कुठेही ठेवले असते तर एवढा गोंधळ झाला नसता. पण तिने ते ठेवले स्वयंपाकघरातल्या फळीवर, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या कोवळ्या पातीला लागून. त्या पातीचा क्रूस करून जान्सीची सासू अन्नम्मा अम्मच्ची दर पवित्र गुरुवारी, पेसहाला, तांदळाच्या वाफवलेल्या अप्पमवर ठेवत असे. थ्रेस्याम्मा वाटलेलं पीठ पातेल्यात काढत होती. तिची नजर आधी पातीवर गेली, मग त्या पांढऱ्या हातमोज्यांच्या पिशवीवर, आणि ते कुणासाठी आणलेत हे तिला विचारावं लागलं नाही. तरी तिने विचारलं.

"हे काय गं, जान्सी?"

"चेडत्ती, राग मानू नका." जान्सी धाकटी जाऊ. अकरा वर्षं आयर्लंडमध्ये नर्स, आणि सुट्टीवर आली की घरातल्या प्रत्येकाचं ब्लडप्रेशर मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "अच्चायनचा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मला कोण शिकवणार? पण अप्पम खायची वस्तू आहे. पापुद्रे पडतात हो."

अच्चायन म्हणजे घरातला थोरला भाऊ, थ्रेस्याम्माचा नवरा कुरियच्चन. त्याच्या दोन्ही हातांना विसाव्या वर्षापासून सोरायसिस होता. तळव्यांना भेगा, बोटांच्या मागे चंदेरी खपल्या, आणि घरच्या रबराच्या चिकाच्या शीट थिजवायला घालायच्या अ‍ॅसिडने भेगा आणखी लाल व्हायच्या. आता तो त्रेपन्न वर्षांचा होता. उन्हाळा असो की लग्न असो, त्याचा शर्ट लांब बाह्यांचाच.

कोपऱ्यात गूळ फोडत बसलेल्या अम्मच्चीने बत्ता खाली ठेवला. एकोणऐंशी वर्षांची बाई, ऐकायला कमी येतं असं सगळे समजत, आणि ती समजू देत असे.

"या घरात पेसहाचा अप्पम घरातला वडील पुरुष मोडतो," ती म्हणाली. "या पालाई गावात निम्मी घरं सुरीने कापतात, कापू देत. इथे हाताने मोडायचा आणि ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. माझ्या सासऱ्यांनी मोडला, तुमच्या सासऱ्यांनी, अप्पच्चननी मोडला. गेल्या वर्षी अप्पच्चन नुकतेच गेले म्हणून घरात अप्पम केला नाही, शेजाऱ्यांनी आणून दिला तो खाल्ला. यंदा कुरियच्चनची पाळी. यात नर्सचं काय काम?"

आता थ्रेस्याम्मा सासूच्या बाजूने उभी राहील असं जान्सीला वाटलं, अम्मच्चीला तर खात्रीच होती. कारण या दोन जावांचं पंधरा वर्षांत कढीपत्त्यावरूनसुद्धा एकमत झालं नव्हतं.

"अम्मच्ची," थ्रेस्याम्मा हळू आवाजात म्हणाली, "यंदा धाकट्याला, बेबिच्चनला मोडू दे."

"काय?"

"तू त्यांना चर्चमध्ये बघतेस ना? शेवटच्या खांबामागे उभे राहतात. शांतीची वेळ आली, एकाने दुसऱ्याचे हात हातात घ्यायची वेळ आली, की बरोबर त्याच क्षणी बाहेर जातात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी रोज त्या हातांना खोबरेल लावते, मला काही वाटत नाही. पण आज त्यांनी अप्पम पुढे केला आणि कुणाच्या तोंडावर जरा काही दिसलं, तर हा माणूस परत जन्मात हात बाहेर काढणार नाही. मला तो अपमान बघायचा नाही."

हे ऐकून जान्सीला खरंच वाईट वाटलं. ती थ्रेस्याम्माच्या जवळ गेली, आणि अम्मच्ची 'हातमोजे म्हणे!' असं रागाने ओरडत गूळ तसाच टाकून देवघरात निघून गेली तेव्हा दोघी जावा चुलीपाशी खालच्या आवाजात बोलत बसल्या. बोलता बोलता त्यांनी तोडगाही काढला. अप्पम दोन करायचे. एकावर क्रूस, तो कुरियच्चनने मोडायचा आणि स्वतः, अम्मच्ची, थ्रेस्याम्मा यांनी खायचा. दुसरा बेबिच्चनने मोडायचा, आपल्या बायकोमुलीसाठी. निरोप्या म्हणून बेबिच्चनलाच पाठवायचं ठरलं.

बेबिच्चन पंचेचाळिशीचा. टक्कल पडलं, पोट सुटलं, डब्लिनच्या गोदामात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं काम करत, पण पालाईत तो बेबीच राहिला. तो रबराच्या धुरीच्या खोलीकडे गेला तेव्हा मनात वाक्यं जुळवत होता. उन्हाळ्यात झाडांना विश्रांती असते, चीक काढत नाहीत, खोलीत काही काम नव्हतं. तरीही कुरियच्चन वाळलेल्या शीट एकीवर एक रचत बसला होता.

"अच्चाया, सणाच्या दिवशी हे काय काढलंत?"

"जान्सीने हातमोजे आणलेत ना?"

बेबिच्चनची जुळवलेली सगळी वाक्यं फुकट गेली. "कुणी सांगितलं?"

"आपल्याला कमी ऐकू येतं असं दाखवायला अम्मच्ची ओरडून बोलते. मग ते मला इथे ऐकू येतं. बोल, काय ठरलं?"

बेबिच्चनने ठरलेलं सांगितलं. सांगताना शीटवरच्या नक्षीवरून बोट फिरवत राहिला. "घर एकच आहे, अच्चाया. अप्पम फक्त दोन. पोरगी तिकडे वाढलेली, तिला सवय नाही, एवढंच."

"बरं," कुरियच्चन म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. आणि ते हातमोजे टाकून देऊ नकोस. आपल्याच रबराचे असतील."

बेबिच्चन हसला आणि हसल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. दादा चिडला असता तर बरं झालं असतं. तो बारा-तेरा वर्षांचा असताना कुरियच्चन सेमिनरीतून ट्रंक घेऊन परत आला होता, तीन वर्षं झाल्यावर, फादर व्हायचं अर्ध्यावर सोडून. अप्पच्चनने सगळ्यांना सांगितलं, तिथलं जेवण पोराला मानवलं नाही. बेबिच्चनने ते कितीतरी वर्षं खरं मानलं. पुढे कधीतरी त्याच्या लक्षात आलं की जेवण न मानवणारा माणूस परत आल्यावर हात मुंडूच्या, म्हणजे लुंगीच्या, घडीत लपवून बसत नाही. पण तोपर्यंत विचारायची वेळ निघून गेली होती. आताही तो काही न विचारता परत फिरला.

कुरियच्चन थोड्या वेळाने हात धुवायला विहिरीवर गेला. कठड्यावर निम्मी बसली होती, बेबिच्चनची तेरा वर्षांची मुलगी, कानात गाणी घालून. एप्रिलच्या त्या घामाच्या धारांत तिच्या अंगात लांब बाह्यांचा शर्ट होता आणि मनगटाची बटणं लावलेली. सकाळी चर्चमध्येही तेच. बाकी लोक फादर बारा जणांचे पाय कसे धुतात ते बघत होते, आणि कुरियच्चन खांबामागून ही पोर बाकाच्या कडेला कोपर कसं घासते ते बघत होता. कापडावरून, अगदी हळू, कुणाच्या लक्षात येऊ नये असं. ते तसं घासणं त्याच्याइतकं कुणाला ओळखू येणार?

त्याने पोहरा वर ओढला. "कोपर, की मानेवरही आहे?"

निम्मीने कानातले इअरफोन काढले. आधी घाबरली, मग तिने इकडेतिकडे बघितलं. "कोपरं. दोन्ही. आणि केसांत थोडं. पेरप्पन, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. मम्मी म्हणते, इथे कुणाला कळू द्यायचं नाही. पप्पांनाही नाही. आजीला, वल्यम्मच्चीला, कळलं तर ती मला सगळ्या तीर्थांना फिरवेल."

"फिरवेल," कुरियच्चन म्हणाला. "मला तिने सतरा ठिकाणी नेलं. एके ठिकाणी चांदीचे दोन छोटे हात करून वाहिले माझ्या नावाने. अजून तिथे लोंबत असतील, चकचकीत, एक डाग नाही."

निम्मी हसली. मग हसू आवरून तिने विचारलं, "इतक्या ठिकाणी जाऊनही नाही बरं झालं? मग देव ऐकतच नाही का?"

कुरियच्चनने पोहरा कठड्यावर ठेवला. हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. ध्यानगृहांतून, आजाऱ्यांच्या प्रार्थनांतून लोक त्याला एकच सांगत आले, विश्वास कमी पडतोय. आणि त्याने ते मानलं होतं. दर सकाळी डोळे उघडल्यावर आधी हात बघायचे, ते तसेच दिसले की आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून देवाची माफी मागायची, हे त्याने तीस वर्षं केलं.

"मलाही तेच वाटायचं," तो म्हणाला. "मग अप्पच्चन गेले आणि घरातली संध्याकाळची प्रार्थना माझ्याकडे आली. रोज शुभवर्तमानातलं थोडं मोठ्याने वाचायचं. एके दिवशी तो भाग आला, प्रभू मरणातून उठून मित्रांकडे येतो तो. शंभरदा ऐकलेला. पण त्या दिवशी वाचता वाचता मी थांबलोच. तुझी पेरम्मा, थ्रेसी, म्हणाली, चष्मा हवा का? मी म्हटलं, नको."

"का थांबलात?"

"अगं, मरणातून उठलेलं शरीर ते. सगळं नवं. मग हातांतली खिळ्यांची भोकं बुजवायला त्याला काय अवघड होतं? नाही बुजवली. आणि मीच तो आहे हे पटवायला त्याने तोंड नाही दाखवलं, हात दाखवले. त्याचा शिष्य तोमा म्हणाला, मी बघितल्याशिवाय मानणार नाही, तर त्याला म्हणाला, ये, बघ. आणि आपण कोण? त्या तोमाने केरळात येऊन ख्रिस्ती केलेली माणसं. आपलं सगळं ख्रिस्तीपण त्या फुटक्या हातांकडे बघून सुरू झालं, पोरी. आणि मी माझे हात खिशात घालून चर्चला जातोय."

त्याने दोन्ही हात कठड्यावर ठेवले. निम्मी त्याच्या हातांकडे बघत होती, सरळ, तोंड न फिरवता.

"मग आता?"

"आता काय? मलम लावतो, डॉक्टर देतो त्या गोळ्या घेतो. तूही घे, मम्मी देईल ते सगळं घे. बरं कर असंही म्हणतो देवाला, का नाही म्हणायचं? फक्त माफ कर म्हणायचं सोडलं. या हातांसाठी मला कुणाची माफी मागायची नाही. त्याने मला या हातांसकट बघितलंय आणि ठेवून घेतलंय. हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं."

निम्मीने थोडा विचार केला. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मग आज सकाळी खांबामागे का उभे होतात?"

कुरियच्चनने पोहरा उचलून हातांवर पाणी ओतलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अम्मच्चीची आरोळी आली.

अन्नम्मा अम्मच्ची देवघरातून रुसवा संपवून परत आली होती ती वाफेचं भांडं बघायला. भांडं रिकामं, पाणी आटत आलेलं, आणि चुलीच्या उबेला ठेवलेल्या पातेल्यातलं पीठ काठापर्यंत फुगून आलेलं. वर बारीक बारीक बुडबुडे. तिने झाकण हातात घेऊन वास घेतला आणि कपाळाला हात लावला. पेसहाचं पीठ वाटलं की लगेच वाफेला लावायचं, त्याला आंबू द्यायचं नाही, हे या घरात चालायला लागलेल्या पोरालाही माहीत होतं. आंबलं की तो नेहमीचा अप्पम, पेसहाचा नव्हे.

"मला वाटलं, जान्सीने लावलं," थ्रेस्याम्मा म्हणाली.

"मला वाटलं, चेडत्तींनी," जान्सी म्हणाली.

"पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुमचं एकमत झालं," अम्मच्ची कडाडली, "आणि माझं पीठ फुगलं! आजच्या दिवशी! ते उचल आणि कोंबड्यांना घाल."

डब्यात तांदळाचं पीठ होतं, पण भिजलेले उडीद वाटीभरच उरले होते. आणि सूर्य रबराच्या झाडांखाली उतरत आला होता. प्रार्थनेच्या आधी फार तर एक अप्पम वाफवून झाला असता.

एकच. हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. कुणी कुणाकडे बघेना.

दारात उभा असलेला बेबिच्चन खाकरला. "मग यंदा मीच मोडतो. अच्चायनचं काही म्हणणं नाही, मघाशीच बरं म्हणालेत."

"ते दोन असताना म्हणालो," त्याच्या मागून कुरियच्चन म्हणाला. त्याचे हात ओले होते आणि शर्टाच्या बाह्या त्याने कोपराच्या वर दुमडल्या होत्या. थ्रेस्याम्माने त्याला चारचौघांत तसं कधीच बघितलं नव्हतं. "एक असेल तर मी मोडणार. हातमोजे नकोत. ज्याला खायचं नसेल त्याने खाऊ नये, मी रागावणार नाही. पण मी मोडणार."

"अहो, कशाला उगाच..." थ्रेस्याम्मा पुढे झाली.

"थ्रेसी, तू मला फार जपलंस. आता जरा कमी जप."

जान्सीचे डोळे भरून आले. "अच्चायन, देवाशपथ, तुम्हाला कमी लेखायचं म्हणून नाही केलं मी. मला..."

"माहीत आहे. तुला भीती माझ्या हातांची नाही."

जान्सीचा चेहरा पांढरा पडला. पण तो पुढे काही बोलला नाही. बेबिच्चनला काहीच कळलं नाही, आणि अम्मच्चीला जे कळलं ते वेगळंच होतं.

तिला आठवला तो पुढचा व्हरांडा, तेहतीस वर्षांपूर्वीचा. कुरियच्चन सुट्टीवर आला होता, नुकत्याच फुटलेल्या हातांनी. तो बापाला म्हणत होता, डॉक्टर म्हणतात हे राहील, पण आमच्या फादरांचं म्हणणं आहे की अडचण नाही, मी पुढे शिकू शकतो. आणि वर्की अप्पच्चन, वाईट माणूस नव्हता तो, पोरावर जीव होता त्याचा, शांतपणे म्हणाला होता, 'या हातांतून कुर्बानाची पवित्र भाकर कोण घेणार, मोने?' दुसऱ्या महिन्यात ट्रंक घरी आली. बाप-लेक बोलत होते तेव्हा अम्मच्ची दारामागे उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि नंतर तीस वर्षं नवस बोलली, मेणबत्त्या लावल्या, चांदीचे हात वाहिले. पोराला बरं करायला निघाली ती, पण पोराला काय झालंय ते तिने विचारलं नाही.

"तेव्हा मी दारामागे होते," ती अचानक म्हणाली.

कुणाला संदर्भ लागला नाही. कुरियच्चनला लागला. तो आईकडे बघत राहिला.

"अप्पच्चननी विचारलं तेव्हा. कोण घेणार म्हणाले तेव्हा. मला उत्तर माहीत होतं रे. मी बोलले नाही."

"काय उत्तर होतं?"

"मी घेईन." अम्मच्ची रडायला लागली. "एवढंच बोलायचं होतं. दोन शब्द. तू आज फादर असतास."

कुरियच्चनने आईच्या खांद्यावर हात ठेवला, भेगांसकट, उघडा. "मग आज घे," तो म्हणाला. "आणि आता पीठ काढ, अम्मच्ची, नाहीतर हेही फुगेल."

जान्सीने त्या दिवशीची प्रार्थना नीट ऐकली नाही. टेबलावर पांढरं कापड, त्यावर तो एकुलता एक अप्पम, मध्ये पातीचा क्रूस, आणि शेजारी नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या पालचं पातेलं. तिची नजर कुरियच्चनच्या हातांवर होती. इस्पितळात तिने याहून वाईट हात रोज धरले होते, न कचरता. घरात मात्र तिला तिकडे बघवत नव्हतं, कारण बघितलं की तिला पोरीचे तिशीतले हात दिसायचे, कुणीतरी अंगठी घालायला नाकारलेले. नर्सला सगळं माहीत असतं, म्हणूनच तिला भीती जास्त वाटते. आयर्लंडच्या थंडीत मुलीच्या अंगात तिने लांब बाह्या चढवल्या, त्या इथल्या उकाड्यातही काढू दिल्या नाहीत. त्याला ती पोरीचं भलं म्हणत आली होती.

कुरियच्चनने क्रूस काढून बाजूला ठेवला. अप्पम दोन्ही हातांत उचलला आणि डोळे मिटून म्हणाला, "प्रभू, तू घेतलास, आशीर्वाद दिलास, मोडलास आणि दिलास. आम्हीही तेच करतो." मग मोडला. अंगठ्याच्या भेगेला ताण पडला, तो जरासा कळवळला, सगळ्यांनी बघितलं. त्याने लपवलं नाही.

वयाच्या क्रमाने. अम्मच्चीने ओंजळ पुढे केली, तुकडा घेतला आणि मुलाचा हात तसाच धरून ठेवला, सोडेचना. शेवटी तोच म्हणाला, "अम्मच्ची, बाकीच्यांनाही भूक आहे." थ्रेस्याम्माने घेतला. बेबिच्चनने घेतला आणि खाली मान घालून चटकन तोंडात टाकला, डोळे पुसत. मग तो हात जान्सीसमोर आला.

तिने बघितलं. खोबरेलाने चमकणाऱ्या खपल्या, लाल चिरा, आणि जराही न थरथरणारी बोटं. हा माणूस कुणाकडून काही मागत नव्हता, तिचं मत तर नाहीच. जान्सीला एकदम कळलं की आपण पोरीसाठी ज्याची भीती धरून बसलोय ते हे आहे, आणि हे तर एक चांगलं जगलेलं आयुष्य आहे. तिने ओंजळ पुढे केली. तुकडा गरम होता. तिने तो पालात बुडवून खाल्ला.

शेवटी निम्मी. पेरप्पनचा हात पुढे आला तरी तिने ओंजळ केली नाही. ती आधी मनगटाची बटणं काढू लागली. एक, मग दुसरं. जान्सीचा हात सवयीने तिला अडवायला उठला, आणि अर्ध्यावरूनच तिने तो परत मांडीवर ठेवला. निम्मीने दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. कोपरांवर लाल चट्टे, वर पांढऱ्या खपल्या. मग तिने ओंजळ पुढे केली आणि कुरियच्चनने तिच्या हातात अप्पम दिला.

"हे कधीपासून?" बेबिच्चन उठून उभाच राहिला. "जान्सी, हे कधीपासून?"

"सांगते," जान्सी म्हणाली. "सगळं सांगते. खाऊ दे तिला आधी."

अम्मच्चीने नातीच्या कोपरांकडे बघितलं. कुठल्या तरी संताचं नाव, कुठला तरी नवस तिच्या ओठांवर आलाच होता, तोंड उघडलंही होतं. समोर कुरियच्चन तिच्याकडे बघत होता, शांतपणे. तिने ओठ मिटले आणि पालचं पातेलं निम्मीकडे सरकवलं.

"मोळे, ताट जवळ ओढ," ती म्हणाली. "पाल सांडेल."